बुलढाण्यातून निघालेला युक्तिवाद : ताराबाई शिंदे आणि १८८२

स्त्रीशिक्षणाचा इतिहास सांगायचा म्हटलं की आपण शाळेपासून सुरुवात करतो. १८४८, पुणे, भिडेवाडा, सावित्रीबाई आणि जोतीराव. सुरुवात तिथूनच व्हायला हवी, यात वाद नाही. पण शाळा उघडली म्हणजे वाद मिटला असं होत नाही. मुलींनी शिकावं की नाही, शिकल्या तर बिघडतील का, बिघडणं म्हणजे नेमकं काय आणि ते ठरवणार कोण, हे प्रश्न पुढची कित्येक दशकं वर्तमानपत्रांत, नाटकांत, किर्तनांत आणि घराघरांत चघळले जात होते. माझ्या पीएचडीचा विषय हाच आहे. एकोणिसाव्या शतकात मराठीत स्त्रियांविषयी वाद घालताना लोक कोणत्या प्रकारची कारणं देत होते, एवढंच मी बघते आहे. कोण कोणत्या बाजूला होतं यापेक्षा, कोण कसा युक्तिवाद करत होतं याकडे माझं लक्ष असतं.

आज मी तुम्हाला या सगळ्यातला माझ्या मते सर्वांत धारदार युक्तिवाद सांगणार आहे. तो पुण्यात छापला गेला, पण लिहिला गेला बुलढाण्यात. लिहिणारी बाई कधी शाळेत गेली नव्हती.

आधी एक खटला

गोष्ट सुरतेकडची आहे. विजयालक्ष्मी नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा होती. वैधव्यात तिला दिवस गेले. मूल जन्मलं, आणि बदनामीच्या भीतीने तिने ते मारलं. १८८१ मध्ये तिच्यावर खटला चालला आणि खालच्या कोर्टाने तिला फाशी सुनावली. अपिलात फाशी रद्द होऊन शिक्षा जन्मठेप काळ्या पाण्याची झाली.

आता कायद्याच्या बाजूने बघा. विधवेला पुन्हा लग्न करता येईल असा कायदा १८५६ मध्येच झालेला होता. म्हणजे कागदावर विजयालक्ष्मीपुढे वाट होती. प्रत्यक्षात ब्राह्मण समाजात त्या वाटेने जाणारी बाई आणि तिला साथ देणारे लोक वाळीत पडत. याच कारणाने फुले दांपत्याने १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं होतं. अडचणीत सापडलेल्या विधवेने तिथे यावं, बाळंत व्हावं, मूल हवं तर तिथे ठेवून जावं, अशी सोय होती. अशा घराची गरज पडावी यातच त्या काळाचं सगळं येतं.

खटल्याची चर्चा मुंबई इलाखाभर झाली. पुण्यातल्या ‘पुणेवैभव’ या सनातनी वळणाच्या पत्राने हा प्रसंग धरून एकूणच बायकांच्या चालीरीतींवर तोंडसुख घेतलं. सूर ओळखीचा होता. काळ बदलला, बायका मोकळ्या झाल्या, नीती गेली. एका बाईच्या गुन्ह्यावरून अख्ख्या जातीला, म्हणजे स्त्रीजातीला, आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं गेलं.

ताराबाईंचं पुस्तक या लिखाणाला दिलेलं उत्तर आहे. हे लक्षात ठेवा, कारण पुस्तकाची सगळी रचना यावरून ठरते. ती एक उलटतपासणी आहे.

बुलढाणा, हेडक्लार्कचं घर

बुलढाणा तेव्हा वऱ्हाडातलं जिल्ह्याचं ठिकाण. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे आला होता. जिल्ह्यातली मंडळी आजही ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ अशी विभागणी करतात. रेल्वे घाटाखालून, मलकापूर-नांदुऱ्यावरून गेली. कचेऱ्या मात्र घाटावर, थंड हवेच्या बुलढाण्यात. पुण्या-मुंबईच्या हिशेबाने हे गाव आडबाजूलाच.

या गावात डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत बापूजी हरी शिंदे हेडक्लार्क होते. घराणं मराठा, खाऊनपिऊन सुखी. बापूजींनी स्वतः १८७१ मध्ये सुशिक्षित देशबांधवांना सूचना करणारी एक छोटी पुस्तिका काढली होती, आणि ते सत्यशोधक समाजाच्या माणसांपैकी होते. ताराबाई त्यांची एकुलती एक मुलगी, पाठीपुढे भाऊ. जन्म साधारण १८५० चा. गावात मुलींची शाळा नव्हती, म्हणून बापूजींनी तिला घरीच मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकवलं. रीतीप्रमाणे लहान वयात लग्न झालं, पण नवरा घरजावई म्हणून आला. ताराबाई माहेरीच राहिल्या. मूलबाळ झालं नाही.

या चार ओळींत तुम्हाला एक विसंगती दिसेल. मुलीला तीन भाषा शिकवणारा बापही तिचं लग्न लहानपणीच लावतो. त्या पिढीतल्या बहुतेक सुधारक घरांचं हेच चित्र आहे. विचार एका पायरीवर, घर दुसऱ्या पायरीवर. ताराबाईंचं लिखाण या दोन पायऱ्यांमधल्या फटीतून येतं, असं मला वाटतं.

१८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात ‘स्त्री-पुरुष तुलना’ छापून झालं. प्रती ५००, किंमत नऊ आणे. रुपयाचे सोळा आणे धरले तर अर्ध्या रुपयाहून थोडी जास्त.

‘साहसी’ या शब्दाची गंमत

पुस्तकाच्या लांबलचक शीर्षकातच प्रश्न आहे की स्त्रिया आणि पुरुष यांत ‘साहसी’ कोण. आज वाचताना आपल्याला वाटतं, वा, शौर्याची तुलना! साहस म्हणजे आपल्याला गिर्यारोहण आठवतं. पण जुन्या मराठीत आणि संस्कृतात या शब्दाची दुसरी छटा ठळक होती. मागचापुढचा विचार न करता केलेलं दुष्कृत्य, दांडगाई, गुन्हा. धर्मशास्त्रात तर साहस हा अपराधाचाच एक प्रकार आहे. म्हणजे शीर्षकातला प्रश्न असा आहे: खरे गुन्हेगार कोण, बायका की पुरुष?

जुने मजकूर वाचताना शब्दाचा अर्थ असा सरकलेला असतो, आणि तो पकडला नाही तर सगळं पुस्तकच उलटं कळतं. ताराबाई बायकांच्या शौर्याचे पोवाडे गात नाहीत. त्या आरोपपत्र हातात घेतात आणि विचारतात, यातला कोणता आरोप तुमच्यावर लागू होत नाही ते सांगा.

युक्तिवाद कसा चालतो

बायका म्हणजे संशयाचा भोवरा, कपटाचं घर, दोषांची खाण, अशा अर्थाचा एक संस्कृत श्लोक तेव्हा सुभाषित म्हणून फिरत होता. शिकलेसवरलेले लोक तो सहज तोंडावर फेकत. ताराबाई त्यातले आरोप घेतात आणि प्रत्येकाला एक कसोटी लावतात. माझ्या वाचनात त्यांची पद्धत तीन पायऱ्यांची आहे. त्या स्वतः पायऱ्या पाडून लिहीत नाहीत. बोलल्यासारखं, भांडल्यासारखं लिहितात. पण धागा सुटत नाही.

पहिली पायरी, दोन्ही पारड्यांत एकच माप. बाई कपटी म्हणता? मग लाच खाणारा, खोटी साक्ष देणारा, विश्वासाने ठेवलेला पैसा गिळणारा कोण? बाई संशयी? मग बाहेर काहीही करून घरी येणाऱ्याने बायकोवर पाळत का ठेवावी? इथे नीट बघा, ‘बायका निर्दोष आहेत’ असं त्या म्हणत नाहीत. दोष माणसात असतात, बाईत असतील तसे पुरुषातही असतात, आणि पुरुषाच्या हातात सत्ता असल्यामुळे त्याच्या दोषांचं नुकसान मोठं असतं, असा त्यांचा रोख आहे. बायकांना देवी ठरवायचा मोह त्यांनी टाळला, आणि हीच या मांडणीची ताकद आहे. देवी म्हटलं की पुढच्याच वाक्यात देवीसारखं वागायची अट येते.

दुसरी पायरी, नियम उलटा करून बघायचा. नवरा मेल्यावर बाईने तोंड लपवायचं, डोकं भादरायचं, अपशकुनी म्हणून कोपऱ्यात बसायचं. मग बायको मेल्यावर पुरुषाने मिशा काढून रानात का जाऊ नये? तो तर दहाव्या दिवशीच दुसरी आणायच्या गोष्टी करतो. सावित्री नवऱ्यासाठी यमाच्या मागे गेली म्हणून तिचं व्रत बायकांनी करायचं. पण बायकोसाठी यमाच्या दारापर्यंत सोडा, त्या वाटेला तरी लागलेला एखादा नवरा ऐकिवात आहे का? वाचताना हसू येतं. पण ही नुसती टर नाही. तत्त्वज्ञानात नियम खरा आहे की सोयीचा, हे तपासायची ही जुनी रीत आहे. त्यातली माणसं अदलाबदल करा आणि तो टिकतो का बघा. वैधव्याचे नियम शोकाचे असते, तर ते दोघांनाही लागू झाले असते. एकालाच लागू होतात, याचा अर्थ ते शोकाचे नाहीत, ताब्याचे आहेत.

तिसरी पायरी, नियम लिहिला कोणी? पती हाच देव, हे शास्त्रात आहे म्हणतात. शास्त्र लिहिणारे पुरुष. मग न्यायाधीश आणि फिर्यादी एकच झाले की. पुराणांतले देव आणि ऋषी यांच्या वागण्याचे दाखलेही त्या काढतात आणि विचारतात की पती देव मानायचा तर देवाने देवासारखं वागायला नको? शास्त्रांवरच न थांबता त्या आपल्या काळातल्या पुस्तकांकडेही वळतात. ‘स्त्रीचरित्र’, ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ यांसारख्या गोष्टी-कादंबऱ्या आणि ‘मनोरमा’ हे नाटक यांत बायका कशा रंगवल्या आहेत यावर त्या तुटून पडतात. १८८२ मध्ये एक बाई लोकप्रिय साहित्यातल्या स्त्रीचित्रणाची समीक्षा करते आहे! मराठी विभागांत हे आपण फार नंतर शिकायला लागलो.

आणि मग विजयालक्ष्मीचा मुद्दा परत येतो. पोर मारणारी बाई फासाच्या दोरापर्यंत जाते. तिला त्या अवस्थेत टाकणारा पुरुष कुठे असतो? तो कोर्टात नसतो, वर्तमानपत्रात नसतो, लोकांच्या तोंडीही नसतो. गुन्ह्याचा अर्धा भाग अदृश्य करून उरलेल्या अर्ध्यावर निकाल द्यायचा आणि त्याला नीती म्हणायचं, हे ताराबाईंना मान्य नाही.

शिक्षणाचा मुद्दा यात कुठे आला?

तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक, पण स्त्रीशिक्षणाचं काय? माझ्या संशोधनाचा गाभा इथेच आहे.

स्त्रीशिक्षणाच्या बाजूने त्या काळात दोन जातींची कारणं दिली जात. पहिलं उपयोगाचं. मुलगी शिकली तर चांगली आई होईल, मुलांना वळण लावेल, हिशेब ठेवेल, शिकलेल्या नवऱ्याला शोभेल. सुधारक हे कारण जास्त वापरत, कारण ते पटकन पटत असे. पण यात एक खोच आहे. उपयोगासाठी दिलेलं शिक्षण उपयोगापुरतंच राहतं. चांगली आई व्हायला भूमिती कशाला, असं उद्या कोणी विचारलं तर तुमच्याकडे उत्तर उरत नाही.

दुसरं कारण समतेचं. बाईला बुद्धी आहे, म्हणून तिला ज्ञान हवं. बस्स. इंग्लंडमध्ये मेरी वोलस्टोनक्राफ्टने १७९२ मध्ये हे मांडलं होतं. बायका उथळ वाटत असतील तर त्यांना तसंच वाढवलं आहे म्हणून, असं ती म्हणाली. जॉन स्टुअर्ट मिलने १८६९ मध्ये पुढचा प्रश्न टाकला. बायकांना मोकळेपणा कधी मिळालाच नाही, तर त्यांचा ‘स्वभाव’ काय हे तुम्हाला कळलं कुठून?

ताराबाई वेगळ्या दाराने याच ठिकाणी येतात. स्त्रीशिक्षणाविरुद्धचा सर्वांत खपणारा आक्षेप होता, शिकली की बिघडते. त्यावर उपयोगवादी सुधारक म्हणत, नाही हो, बिघडत नाही, उलट सुधारते. म्हणजे परीक्षा बाईचीच. ताराबाई परीक्षाच नाकारतात. शिकून बिघडायचं म्हटलं तर आधी शिकलेल्यांकडे बघू ना. पिढ्यान्‌पिढ्या शिकले कोण? पुरुष. दारू, लाचलुचपत, बाहेरख्याली, धर्म सोडून बूट-पाटलोण घालून मिरवणं, हे कोणाचं? मग पुरुषांच्या शाळा बंद करा असं कोणी का म्हणत नाही? घरात कोंडून ठेवलेल्या, जगाचा वाराही न लागलेल्या बाईला अज्ञानी म्हणून हिणवायचं, आणि ज्ञान मागितलं की बिघडशील म्हणायचं, हा डाव त्या उघडा पाडतात.

पुरावा द्यायची जबाबदारी कोणाची, हे त्यांनी फिरवून दाखवलं. तोवर बाईने सिद्ध करायचं होतं की आपण शिक्षणाला पात्र आहोत. ताराबाईंनंतर प्रश्न असा होतो की ज्ञान अडवून ठेवणाऱ्याचा अधिकार काय. स्त्रीशिक्षणाच्या बाजूने एकोणिसाव्या शतकात मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं. ही दिशा फार थोड्यांनी पकडली.

तेच वर्ष, तेच शहर

१८८२ हे वर्षच विलक्षण आहे. त्याच वर्षी पंडिता रमाबाई पुण्यात आल्या, आर्य महिला समाज सुरू झाला आणि त्यांचं ‘स्त्रीधर्मनीती’ प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी शिक्षणाची पाहणी करायला हंटर आयोग आला. रमाबाईंनी त्याच्यापुढे साक्ष देऊन स्त्री-शिक्षिका, स्त्री-निरीक्षक आणि स्त्री-डॉक्टर यांची गरज मांडली. जोतीरावांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली आणि मुलींच्या शिक्षणासाठी हात सैल सोडा असंही सांगितलं.

रमाबाईंच्या त्या पुस्तकाशी ताराबाईंची तुलना केली तर फरक कळतो. रमाबाई बायकांशी बोलतात: शिका, स्वतःच्या पायावर उभ्या राहा, वागणं नीट ठेवा. ताराबाई पुरुषांशी बोलतात, आणि तेही ‘तुम्ही’ म्हणून, थेट तोंडावर. रमाबाई स्वतः पुढे फार दूर गेल्या, पण १८८२ मधलं त्यांचं पुस्तक सबुरीचं आहे. ताराबाईंचं नाही.

जिथे थांबतात तिथेही बघू

ताराबाईंना आजच्या साच्यात बसवायचा मोह मला होतो, म्हणून मर्यादाही सांगते. त्या विवाहसंस्था मोडा असं म्हणत नाहीत. चांगला नवरा आणि चांगलं घर ही कल्पना त्यांच्या लिखाणात शाबूत आहे. इंग्रजी राज्याने बायकांसाठी ज्ञानाचं दार उघडलं म्हणून त्या त्याचे उपकार मानतात. त्याच राज्याच्या कोर्टाने विजयालक्ष्मीला फाशी सुनावली होती, हा ताण त्या सोडवत नाहीत. पुनर्विवाहाची बंदी ब्राह्मणांपुरती राहिली नाही, वरच्या मराठा घरांनीही ती प्रतिष्ठा म्हणून उचलली, हे त्यांनी अचूक पाहिलं. पण त्यांच्या नजरेतली बाई बहुतेकदा माजघरातली आहे. शेतात राबणारी, गावकुसाबाहेरची बाई फारशी दिसत नाही.

त्या बाईचा आवाज ऐकायचा तर सत्तावीस वर्षं मागे जावं लागतं. फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. त्यात जात आणि बाईपण एकत्र येतं. हे दोन मजकूर शेजारी ठेवून वाचावेत, असं मी आग्रहाने सांगेन. एकाने दुसऱ्याची जागा भरत नाही.

पुढे काय झालं

पुस्तकाचं स्वागत झालं नाही. टिंगल झाली. जोतीराव मात्र ठाम उभे राहिले. १८८५ मध्ये ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात त्यांनी ताराबाईंची बाजू घेतली आणि लेकीचा उल्लेख करावा तशा मायेने त्यांचं नाव घेतलं. ताराबाईंचं दुसरं पुस्तक मात्र आलं नाही. १९१० च्या सुमारास त्या गेल्या. पाचशे प्रती कुठे कुठे विरून गेल्या.

१९७५ मध्ये, आंतरराष्ट्रीय महिला वर्षात, स. गं. मालशे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ पुन्हा प्रसिद्ध केलं. मध्ये ९३ वर्षं गेली. १९९४ मध्ये रोझालिंड ओ’हॅनलन यांचं इंग्रजी भाषांतर आलं आणि जगभरच्या वर्गांत ताराबाई वाचल्या जाऊ लागल्या.

या ९३ वर्षांचा अर्थ काय लावायचा, हा माझ्या प्रबंधातला सगळ्यात अवघड भाग आहे. आगरकर वाचले गेले, लोकहितवादी वाचले गेले, त्यांच्यावर पिढ्यांनी वाद घातले. विचार असाच वाढतो. कोणीतरी खोडतो, कोणीतरी पुढे नेतो. ताराबाईंच्या वाट्याला हे आलंच नाही. त्यांच्या नंतरच्या लेखिकांना तोच मुद्दा पुन्हा शून्यापासून मांडावा लागला. पुस्तक हरवलं की फक्त कागद हरवत नाहीत. पुढच्या बाईचं अर्धं काम हरवतं.

म्हणून ‘भारतातल्या आद्य स्त्रीवादी लेखिका’ असं म्हणून हार घालून मोकळं होणं मला पुरेसं वाटत नाही. आपल्या जिल्ह्यात दर जानेवारीत सिंदखेडराजाला जिजाऊंसाठी केवढी गर्दी लोटते. त्याच जिल्ह्यात बसून लिहिलेलं हे छोटंसं पुस्तक मात्र बुलढाण्याच्या किती घरांत असेल? ताराबाईंना हारापेक्षा हुज्जत आवडली असती.

तेव्हा तुम्हाला एकच काम सांगते. मुलीचं शिक्षण, उशिरा घरी येणं, मोबाईल, लग्नाचं वय, यावर घरात किंवा गावात पुढच्या वेळी वाद निघेल तेव्हा ताराबाईंची कसोटी लावून बघा. हाच नियम मुलाला लागू आहे का? नसेल, तर का नाही? आणि नियम ठरवताना मुलीला कोणी विचारलं होतं का? उत्तर काय येतं ते खाली नक्की लिहा.